दोन शपथांमधला माणूस

आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात अनोळखी पोराला आधी नाव विचारत नाहीत. "कुणाचा रं तू?" असं विचारतात. पोरगं बापाचं नाव सांगतं, आजोबाचं सांगतं, फार तर गल्ली नाहीतर मळा सांगतं, आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. नाव नंतर कळलं तरी चालतं, नाही कळलं तरी अडत नाही.

आपल्या परंपरेतला मोठा प्रश्न 'कोऽहम्', मी कोण. तो माणसाने एकट्याने बसून स्वतःला विचारायचा असतो. 'कुणाचा तू' हा प्रश्न मात्र दुसरा विचारतो, आणि त्याचं उत्तरही आपल्याला दुसऱ्यांनीच शिकवलेलं असतं. आपण अमक्याचे आहोत हे आपल्यापैकी कुणीच स्वतः पडताळून पाहिलेलं नाही. कुणीतरी लहानपणी सांगितलं, आणि त्या सांगण्यावर आपण उभे राहिलो.

मग ज्याने सांगितलं त्यानेच पुढे शब्द फिरवला तर? हा प्रश्न कल्पनेतला वाटेल, पण साताऱ्याच्या किल्ल्यावर अठराव्या शतकात एका माणसाला तो अक्षरशः भोगावा लागला. त्याला रामराजा म्हणतात. छत्रपतींच्या यादीत तो दुसरा राजाराम. शाळेतल्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, तीही बहुधा 'नामधारी' या शब्दाने संपते.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

1749 साली थोरले शाहू महाराज साताऱ्यात आजारी होते. त्यांना मुलगा उरला नव्हता, आणि गादीवर कोण बसणार या प्रश्नाने दरबाराची झोप उडाली होती. तेव्हा ताराबाई पुढे आल्या. ताराबाई म्हणजे राजाराम महाराजांच्या राणी, शाहूंच्या चुलती, वय चौऱ्याहत्तरच्या आसपास. त्यांनी सांगितलं की माझा एक नातू जिवंत आहे. त्यांचा मुलगा शिवाजी 1726 मध्ये कोल्हापुरात कैदेतच वारला होता. त्याच्या मागे जन्मलेलं मूल सवतीच्या पक्षाकडून धोका होऊ नये म्हणून गुपचूप बाहेर काढलं आणि लपवून वाढवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे अशक्य नव्हतं. 1714 मध्ये कोल्हापूरची सत्ता सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांच्या हाती गेली, तेव्हापासून ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत होते. अशा घरात मूल लपवणं ही शहाणपणाचीच गोष्ट होती.

शाहूंनी हे मान्य केलं. 15 डिसेंबर 1749 ला ते वारले आणि 1750 च्या सुरुवातीला रामराजा गादीवर आला. पण लोकांच्या मनात शंका होती. ग्रँट डफ 1818 नंतर साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता आणि त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो सांगतो की ही शंका फेडण्यासाठी ताराबाईंनी सैन्यासमोर रामराजाबरोबर जेवावं, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू आहे असं सांगावं, असं ठरलं. त्याकाळी कागदापेक्षा ताटाची साक्ष मोठी होती.

वर्षही झालं नाही. 1750 मध्ये सांगोल्याला रामराजाने कारभाराची सूत्रं पेशव्यांकडे सोपवायला मान्यता दिली. ताराबाईंना नेमकं उलट हवं होतं. नानासाहेब पेशव्यांना त्याने दूर करावं असा त्यांचा आग्रह होता, आणि तो मानेना. नोव्हेंबरमध्ये चंपाषष्ठीच्या निमित्ताने ताराबाईंनी त्याला किल्ल्यावर बोलावलं आणि तिथेच अडकवलं. पाठोपाठ त्या सांगू लागल्या की हा माझा नातू नाहीच, हा गोंधळ्याचा पोर आहे. 1752 च्या सप्टेंबरमध्ये ताराबाई आणि पेशवे यांच्यात जेजुरीला समेट झाला. तिथे खंडोबाच्या देवळात ताराबाईंनी शपथेवर हेच सांगितलं. ज्या देवाच्या सणाला त्याला धरलं होतं, त्याच देवाच्या साक्षीने त्याला नाकारलं.

म्हणजे एकाच बाईच्या दोन शपथा, एक अन्नावर आणि एक देवापुढे. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत.

इतिहासाचे अभ्यासक इथे विचारतात की खरी कोणती. त्यांनी तो प्रश्न विचारलाच पाहिजे. मला त्याच्या शेजारचा एक प्रश्न जास्त छळतो. खरी शपथ कोणती हे ठरल्याने रामराजावर झालेल्या अन्यायाचा हिशोब बदलतो का?

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे सवय अशी की एखादी गोष्ट ठरत नसेल तर दोन्ही शक्यता मांडून प्रत्येकीत काय होतं ते बघायचं. तसंच इथे करून पाहू.

पहिली शक्यता, तो खरोखर नातू होता. मग आजीने स्वतःच्या मेलेल्या मुलाच्या एकुलत्या एक मुलाला, ऐकत नाही म्हणून कैदेत टाकलं आणि त्याचं कूळ काढून घेतलं. ज्या कैदेत तिचा मुलगा मेला होता, तसल्याच कैदेत तिने नातवाला बसवलं.

दुसरी शक्यता, तो नातू नव्हता. मग कुणाचं तरी पोर तिने आपल्या घरातून, आपल्या माणसांतून उचललं, त्याला दुसऱ्याचं नाव दिलं, राजा केलं, आणि उपयोग संपल्यावर तोतया म्हणून कोंडलं. त्याला त्याच्या घरीही परत जाऊ दिलं नाही.

दोन्ही शक्यतांत ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस एकच आहे. उलट दुसऱ्या शक्यतेत अन्याय जरा वाढतोच. पहिलीत त्याचं एक घर गेलं. दुसरीत दोन्ही गेली, जन्माचंही आणि दिलेलंही.

त्याच शतकातली दुसरी एक गोष्ट शेजारी ठेवली की हे आणखी स्पष्ट होतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा करत एक माणूस उभा राहिला. भाऊसाहेबांचा तोतया म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याच्यामागे फौज जमली, शेवटी पकडला गेला आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. त्या माणसाने दावा स्वतः केला होता. आपण कोण नाही हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो जुगार खेळला. रामराजाचा दावा मात्र दुसऱ्याने केला आणि दुसऱ्यानेच मागे घेतला. आपल्याच ओळखीच्या व्यवहारात तो पक्षकार नव्हता, फक्त माल होता.

'गोंधळी' या शब्दापाशीही थांबायला हवं. नातू नाही एवढं म्हणून ताराबाईंचं काम भागलं असतं. पण तुच्छता दाखवायला जात हाताशी लागली. गंमत अशी की भोसल्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, आणि तिच्या नावाने गोंधळ घालणारे हेच लोक. लग्न झालं की संबळ आणि दिवटी घेऊन येतात, देवीला बोलावतात, घराण्याचं मंगल मागतात. त्यांच्याशिवाय घरातलं कार्य पुरं होत नाही, पण त्यांच्यातला म्हटलं की माणूस गादीला नालायक ठरतो. कुणाचं नाव शिवी म्हणून वापरता येतं यावरून समाज कुणाला कुठे बसवतो ते कळतं. आणि आजही आपण ही गोष्ट वाचताना 'बिचारा, खरा राजवंशी असून त्याला गोंधळी म्हटलं' अशी हळहळ करतो तेव्हा त्याच पंगतीत बसतो. गोंधळी असता तर हळहळ कमी झाली असती काय?

आता यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप. समजा ताराबाई पहिल्या वेळी खोटं बोलल्या आणि दुसऱ्या वेळी खरं. मग खोटं दुरुस्त करणं हा गुण नाही का? एकदा खोटं बोललं म्हणून जन्मभर तेच धरून बसायचं?

आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच खरं बोलण्याची एक साधी कसोटी लावून बघायला हवी. आपण खरं बोलतो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं? खोटी शपथ घेतली होती असं सांगणारा माणूस स्वतःचा गुन्हा कबूल करत असतो. त्याची मान खाली जायला हवी, आणि ज्याला त्या खोट्यात ओढलं त्याला मोकळं करायला हवं. जेजुरीनंतर झालं काय? ताराबाई समेटातून सन्मानाने बाहेर पडल्या, साताऱ्याचा किल्ला त्यांच्याकडे राहिला आणि कैदीही. सत्य त्यांनी सांगितलं असेल तर ते कुलपाची किल्ली कमरेला ठेवून सांगितलं. अशा बोलण्याला कबुली म्हणता येत नाही.

ताराबाईंना खलनायिका करून सोडणं मात्र सोपं आणि अन्यायाचं होईल. 1700 मध्ये पंचविशीत विधवा झालेली ही बाई पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढली. बादशहा दख्खनमध्ये मेला, पण राज्य संपलं नाही, यात तिचा वाटा फार मोठा. नंतर पुतण्याशी झगडा, सवतीकडून कैद, मुलाचा मृत्यू, आणि साताऱ्यात शाहूंच्या नजरेखाली काढलेली वर्षं. तिला आयुष्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली, की राज्याच्या खेळात माणसं ही सोंगट्या असतात आणि आपण हलवल्या नाहीत तर दुसरा हलवतो. हे शिकणं समजू शकतं. पण समजण्याजोगी गोष्ट माफ करण्याजोगी असतेच असं नाही. जिला स्वतःला सोंगटी केलं गेलं तिला सोंगटी होणं म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आणखी एक. रामराजाच्या आधी चाळीसेक वर्षं, 1707 मध्ये, मोगलांच्या छावणीत अठरा वर्षं काढून शाहू परत आले तेव्हा हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असं ताराबाईंच्याच पक्षाने म्हटलं होतं. परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून ती शंका फेडली अशी हकीकत आहे. म्हणजे ताटाने ओळख कशी सिद्ध होते आणि 'तोतया' या शब्दाने ती कशी मोडते, दोन्ही ताराबाई आधीपासून जाणून होत्या. शाहूंच्या मागे मात्र फौज होती, सरदार होते. म्हणून एकीचं 'नाही' त्यांना बाधलं नाही. रामराजामागे एका आजीखेरीज कुणी नव्हतं.

हे मला ओळखीचं वाटतं ते माझ्या कामामुळे. ब्राउझरमध्ये बँकेचं पान उघडलं की ते पान खरं आहे हे एक सर्टिफिकेट सांगतं. त्या सर्टिफिकेटवर दुसऱ्याची सही असते, त्याच्यावर तिसऱ्याची, आणि ही साखळी शेवटी एका 'रूट' सर्टिफिकेटपाशी थांबते. रूटवर सही कुणाची? त्याची स्वतःचीच. तिथे पुरावा संपतो आणि विश्वास सुरू होतो. सर्टिफिकेट रद्द झालं की मशीन ते टाकून देतं आणि विसरतं. सर्टिफिकेटला काही वाटत नाही.

माणसांच्या ओळखीचीही अशीच साखळी असते आणि तीही शेवटी कुणाच्या तरी शब्दापाशी थांबते. फरक एवढाच की ज्याच्याविषयी शब्द दिला तो माणूस दरम्यान त्या शब्दावर आयुष्य बांधतो. त्या नावाने नमस्कार घेतो, लग्न करतो, झोपतो, उठतो. शब्द मागे घेतला तरी बांधलेलं आयुष्य मागे घेता येत नाही. म्हणून 'हा माझा' या वाक्याला नुसती माहिती समजणं मला पटत नाही. 'पाऊस पडतोय' हे वाक्य चुकलं तर दुरुस्त करावं आणि पुढे जावं. 'हा माझा' हे बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेणारं वाक्य आहे, वचनाच्या जातीचं. त्यातला मजकूर खोटा निघाला तरी वचन उरतं.

हे काही मी आजच्या काळाचा चष्मा लावून म्हणत नाही. त्याच घराण्यात, त्याच पिढीत याचं उदाहरण आहे. 1707 मध्ये शाहू परत येत असताना पारद गावाशी लढाई झाली. गावचा लोखंडे पाटील मारला गेला आणि त्याच्या बायकोने आपलं तान्हं पोर शाहूंपुढे आणून घातलं. शाहूंनी ते घेतलं, फत्तेसिंह नाव ठेवलं, भोसले आडनाव दिलं आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं घराणं त्याच्यापासून चाललं. इथे रक्ताची एकही खोटी गोष्ट सांगावी लागली नाही. पोर लोखंड्याचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि 'माझं' म्हणायला ते आड आलं नाही. शब्द दिला तो शेवटपर्यंत राहिला. ताराबाईंनी रक्ताची शपथ घेतली आणि नातं मोडलं. शाहूंनी रक्ताचं नावही काढलं नाही आणि नातं टिकलं.

रामराजाचं पुढे काय झालं ते जास्त विचित्र आहे. आजीने देवापुढे नाकारूनही पेशव्यांनी त्याला छत्रपती म्हणून कायम ठेवलं. 1761 मध्ये माधवराव, मग नारायणराव, मग रघुनाथराव, मग तान्हा सवाई माधवराव, या सगळ्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती याच 'तोतया'च्या नावाने. त्याच्या शिक्क्याशिवाय पुण्याची सत्ता कायदेशीर होत नव्हती आणि त्याच्या मताला पुण्यात काडीची किंमत नव्हती. त्याला मान्यता मिळाली, पण ती त्याच्यासाठी नव्हती, सोयीसाठी होती. आजीने गैरसोय झाली म्हणून नाकारलं आणि पेशव्यांनी सोय होते म्हणून स्वीकारलं. तू कोण आहेस, तुला काय हवं आहे, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तो छत्रपती होता. 1777 मध्ये वारला. मुलगा नव्हता, म्हणून वावीच्या भोसल्यांमधला मुलगा दत्तक घेतला, तो धाकटा शाहू. त्याचा मुलगा प्रतापसिंह.

आणि इथे त्याच प्रश्नाने सबंध राज्याला गाठलं. प्रतापसिंहांना इंग्रजांनी 1839 मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. गादीवर बसवलेला भाऊ शहाजी 1848 मध्ये वारला, मरताना त्याने दत्तक घेतला. डलहौसीने ते दत्तविधान राज्यापुरतं मानलं नाही आणि सातारा खालसा केला. ताराबाई म्हणाल्या होत्या, रक्त माझं नाही, म्हणून राजा नाही. डलहौसी तेच म्हणाला, कोट-टोपीत आणि इंग्रजीत.

साताऱ्याच्या माहुलीला वेण्णेला घेऊन कृष्णा खाली सांगलीकडे जाते. तिथे पटवर्धनांचं संस्थान. 1901 मध्ये तिथले धुंडिराजराव निपुत्रिक वारले. पन्नास वर्षांपूर्वी असतं तर सांगलीही गेली असती. पण मधे 1857 होऊन गेलं होतं, इंग्रजांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देऊन टाकल्या होत्या. 1903 मध्ये पटवर्धनांच्याच घरातला एक मुलगा चिंतामणराव नावाने गादीवर आला आणि संस्थान विलीन होईपर्यंत राहिला. नदी तीच, शास्त्र तेच, दत्तहोमाचे मंत्र तेच. बदललं एवढंच की मान्य करणाऱ्याला आता मान्य करणं सोयीचं होतं.

म्हणूनच मला 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातलं पंधरावं कलम फार मोलाचं वाटतं. विधिवत झालेलं दत्तक दत्तक घेणाऱ्या आई-बापांना रद्द करता येत नाही, इतर कुणालाही करता येत नाही, असं ते सांगतं. त्या दोन ओळींत पोर कसं निघेल, ऐकेल का, आपल्यासारखं दिसेल का, याची एकही अट नाही. ज्याला 'माझा' म्हटलंत तो तुमचा, विषय संपला. कायद्याने प्रेम करायला लावता येत नाही हे खरं, पण शब्द फिरवण्याची वाट बंद करता येते.

कायदा दत्तकापुरता आहे. आपण मात्र 'हा आपला माणूस' असं रोज कुणाकुणाला म्हणत असतो. सुनेला म्हणतो, गावात येऊन राहिलेल्या कुटुंबाला म्हणतो, कामावर घेतलेल्या पोराला म्हणतो. बहुतेक वेळा मनापासूनच म्हणतो. मग ते माणूस एक दिवस आपल्या मनाविरुद्ध वागतं, आणि आपल्याला अचानक आठवतं की ते मुळात बाहेरचं होतं. हे आठवणं बहुधा खरंच असतं, पण ते कधी आठवतं ते बघावं. रामराजा गोंधळी असल्याचं ताराबाईंना तो आज्ञेत होता तोवर आठवलं नव्हतं.